मदत हवी आहे: १/२४ स्कायलाइन मॉडेलवर गन ग्रे मेटॅलिक रंग कसा आणावा?

नमस्कार मंडळी,

टामिया या मॉडेल कंपनीचं निसान स्कायलाइन जीटी-आर (आर३२) गाडीचं १/२४ आकाराचं, म्हणजे खऱ्या गाडीच्या चोविसाव्या भागाइतकं, किट बांधायला घेतलंय. रंग केएच२ (निसानचा रंग-कोड), म्हणजे गन ग्रे मेटॅलिक. १९८९ साली ही गाडी आली, तेव्हापासून आर३२ म्हटलं की माझ्यासारख्यांच्या डोळ्यांसमोर हाच राखाडी रंग येतो. बॉनेटवर समोरून उजेड पडला की तो चंदेरीकडे झुकतो आणि फुगीर मडगार्डच्या वळणावर एकदम गडद होतो. हा उजेड-अंधाराचा फरक मला मॉडेलवर हवा आहे. तो नसेल तर गाडी नुसती करडी दिसते.

प्लास्टिकच्या चमच्यांवर नमुने काढून पाहिले. टामियाच्या रंगांपैकी टीएस-३८ गन मेटल फारच काळपट वाटतो. एक्सएफ-५६ मेटॅलिक ग्रेची छटा त्यातल्या त्यात जवळची, पण वर क्लिअर (चकाकीचा पारदर्शक थर) मारल्यावर कण उठून दिसतात, रांगोळीत अभ्रक मिसळल्यासारखे.

कारण मला कळतंय. गाडीच्या रंगातले ॲल्युमिनियमचे कण समजा २० मायक्रॉनचे धरले. तेवढाच कण १/२४च्या मॉडेलवर पडला, तर खऱ्या गाडीच्या हिशेबात तो जवळजवळ अर्धा मिलिमीटर झाला! क्लिअरचंही तेच. खऱ्या गाडीवर तो साधारण ४० ते ५० मायक्रॉन असतो, म्हणजे मॉडेलवर जेमतेम २ मायक्रॉन हवा. ते हाताने शक्य नाही, हे मान्य आहे.

अडचण पुढेच आहे. बारीक कणांची चांदी, म्हणजे चंदेरी रंग, घेतली तर दाणा जातो, पण तिरकं पाहिल्यावर येणारा गडदपणाही कमी होतो, कारण बारीक कणांच्या कडांवरून उजेड चहूकडे विखुरतो. मोठे कण आरशासारखे उजेड एकाच दिशेला फेकतात, पण ते डोळ्यांना दिसतात. दाणा नको, पण वळणावरचा गडदपणा हवा, हे कसं जमवायचं? माझ्याकडे ०.३ मिमी नोझलचा एअरब्रश (रंग फवारायचं छोटं यंत्र) आहे. जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावं.

प्रतिसाद १

चांगला प्रश्न विचारलात. मी मॉडेलं करतो आणि पूर्वी गाड्यांच्या डेंटिंग-पेंटिंगचं कामही केलंय, त्यामुळे तिथलं थोडं सांगतो.

मेटॅलिक रंगात डब्याइतकाच मारणाऱ्याचा हात महत्त्वाचा. ओला हात, म्हणजे ओलसर राहणारा थर, दिला की कणांना खाली बसायला वेळ मिळतो, रंग गडद येतो. कोरडा हात दिला, किंवा हवेचा दाब वाढवला, की कण पडले तिथेच अडकतात आणि रंग उजळ, दाणेदार दिसतो. एकाच डब्यातून दोन दारं दोन छटांची निघालेली मी पाहिली आहेत. म्हणून मागचा स्पॉयलर, आरसे वगैरे सुटे भाग बॉडीसोबतच, त्याच बैठकीत मारा. जमलं तर गाडीवर असतात त्याच कोनात टेकवून मारा.

आता तुमचा पेच. बारीक चांदीच घ्या आणि तिचे कण आडवे बसवा. लॅकर (थिनरमध्ये विरघळणारा, लवकर वाळणारा रंग) प्रकारची चांदी सावकाश वाळणाऱ्या लेव्हलिंग थिनरने भरपूर पातळ करा आणि ग्लॉस काळ्या बेसवर पातळ, मध्यम ओले थर द्या. थर वाळताना आकसतो आणि कणांना पृष्ठभागाला समांतर दाबतो.

राखाडी छटा चांदीत रंग कालवून आणू नका. पांढरा तर अजिबात नको. टायटॅनियमचा पांढरा उजेड सगळीकडे पसरवतो आणि वळणावरचा फरक मरतो. चांदी नीट वाळल्यावर वरून टामियाच्या एक्स-१९ स्मोक या पारदर्शक काळपट रंगाचे अगदी हलके फवारे द्या. पारदर्शक काळ्या थरातून तिरकं पाहिलं की उजेडाला जास्त अंतर कापावं लागतं, त्यामुळे कडा आपोआप गडद होतात. बारीक कणांमुळे जे गेलं, त्यातलं बरंचसं इथे परत मिळतं. मात्र स्मोक पॅनल लाइनमध्ये (दारं-बॉनेटच्या फटींच्या रेषांत) साचतो, तेव्हा एका जागी थांबू नका.

क्लिअर मारण्याआधी मेटॅलिकवर वॉटर पेपर (पाण्याने घासायचा पॉलिश पेपर) लावू नका, कण कापले जाऊन डाग पडतात.

धागाकर्ता

मनापासून आभार! स्मोकचा विचार डोक्यात आलाच नव्हता, आणि त्यामागचं कारण सांगितलंत ते फार आवडलं. अजून एक विचारतो. मी डोंबिवलीला राहतो, सध्या पाऊस आहे. लॅकर पांढरट पडेल का?

प्रतिसाद १

पडू शकतो. थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो आणि हवेतली वाफ त्यावर बसते. रिटार्डर (वाळणं लांबवणारं द्रव) घातला तर फरक पडतो, पण चांदीच्या थराला धोका पत्करू नका. तोवर चमच्यांवर स्मोकचे दोन-तीन, चार-पाच असे थर देऊन ठेवा. गोलाईमुळे वळणावरचा रंग त्यावर नीट कळतो. पाऊस उघडला की बॉडी घ्या, आणि चमच्यांचे फोटो टाका, खिडकीच्या उजेडातले.