बेसबॉल कार्डांचे कोणते पॅक घ्यावेत? (मुलगा ९ वर्षांचा)

केतकी_एडिसन
नमस्कार. मुलगा यंदापासून लिटल लीगमध्ये (मुलांच्या बेसबॉलमध्ये) खेळतोय आणि आता त्याला बेसबॉल कार्डांचं, म्हणजे खेळाडूंचे फोटो असलेल्या कार्डांचं वेड लागलंय. बसमध्ये मुलांची अदलाबदल चालते, याच्याकडे बदलायला काहीच नाही. शनिवारी दुकानात गेलो तर एक अख्खं फडताळ भरलेलं: टॉप्स सिरीज १, टॉप्स क्रोम, हेरिटेज, बोमन, पॅनिनीचं प्रिझम. त्यात पुन्हा सुटे पॅक, हँगर, ब्लास्टर. वीस मिनिटं उभी राहिले आणि काही न घेता परतले. तो काही बोलला नाही, पण गाडीत घरी येईपर्यंत गप्प होता.

महिन्याला २५-३० डॉलर द्यायची तयारी आहे. आवडता खेळाडू ॲरन जज. आम्हा दोघांना क्रिकेटपलीकडचं काही कळत नाही. कृपया सांगा, काय घेऊ?

शिरीष_क्वीन्स
केतकीताई, डोळे मिटून टॉप्स सिरीज १ घ्या. मी मुलीबरोबर आठ वर्षं कार्डं जमवतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सिरीज १ म्हणजे टॉप्स कंपनीचा त्या वर्षाचा मूळ संच. फेब्रुवारीत येतो. २०२५ च्या संचात ३५० कार्डं आहेत, जूनमध्ये आलेल्या सिरीज २ मध्ये पुढची ३५०. मग हंगाम संपता संपता अपडेट येतो, त्यात संघ बदललेले आणि नव्याने आलेले खेळाडू असतात. सगळ्या ३० संघांची माणसं यात सापडतात, त्यामुळे आज टीव्हीवर पाहिलेला पिचर (चेंडू टाकणारा) उद्या पॅकमधून निघतो. नऊ वर्षांच्या मुलाला याहून मोठा आनंद नाही. कार्डाच्या मागे खेळाडूची वर्षवार आकडेवारी असते. आमच्या मुलीला सरासरी काढायला शाळेच्या आधी या कार्डांनी शिकवलं.

क्रोममध्ये डिझाइन तेच, फक्त कार्ड चकचकीत. पण पॅकमध्ये चारच कार्डं. पैसे भराभर संपतात आणि मुलाच्या हातात काही उरत नाही.

बोमन मुलाला अजिबात नको. त्यात भर असतो तो अजून मोठ्या लीगमध्ये न पोचलेल्या पोरांवर. पहिल्यांदा आलेल्या पोराच्या कार्डावर 'फर्स्ट' अशी खूण असते आणि यातला पुढे कोण चमकेल यावर मोठी माणसं पैसे लावतात. तुमच्या मुलाने त्यातल्या एकालाही खेळताना पाहिलेलं नसणार.

पॅनिनीची कार्डं छपाईला सुरेख असतात. पण त्यांच्याकडे लीगचा परवाना नाही. त्यामुळे संघाचं नाव नाही, चिन्ह नाही. जज दिसतो, पण टोपीवर यांकीजचं 'एनवाय' नाही. ही गोष्ट तुमचा मुलगा पहिल्या सेकंदाला पकडेल आणि खट्टू होईल.

आता प्रकार. हॉबी बॉक्स म्हणजे पॅकांचा मोठा खोका, तो कार्डांच्या दुकानात मिळतो, शंभर डॉलरच्या आसपास. त्यात खेळाडूची सही असलेलं किंवा त्याच्या जर्सीचा तुकडा बसवलेलं एखादं कार्ड नक्की मिळतं. तुम्हाला त्याची गरज नाही. साध्या दुकानात ब्लास्टर (काही पॅक असलेला छोटा खोका) घ्या, २५-३० डॉलरमध्ये बसतो. शेजारी हँगर (एकच मोठा पॅक) लटकलेला असेल तर दोन्हींवरचा कार्डांचा आकडा बघून किमतीला भागा. कधीकधी हँगरमध्ये कार्ड स्वस्त पडतं. हा भागाकार मुलालाच करायला सांगा.

वासंती_मिलवॉकी
शिरीषदादा, बाकी सगळं मान्य, पण हेरिटेजबद्दल तुम्ही एक शब्दही लिहिला नाहीत!

हेरिटेजला ४९ वर्षांपूर्वीचं डिझाइन घेतात. २००१ साली सुरू झालं तेव्हा १९५२ चं घेतलं होतं, २०२४ ला १९७५ चं, ते दुरंगी चौकटींचं. कागद जुन्यासारखा, बिनचकाकीचा. आमच्या शेजारचे आजोबा ७५ साली दहा वर्षांचे होते. माझ्या मुलाने त्यांना नवं कार्ड दाखवलं तर ते आत गेले आणि त्याच डिझाइनची स्वतःची कार्डं घेऊन आले. बुटांच्या खोक्यात ठेवलेली, कोपरे पार झिजलेले. दोघं संध्याकाळभर पायरीवर बसून होते. जेवायला तीनदा हाक मारावी लागली.

शिरीष_क्वीन्स
वासंतीताई, हेरिटेज मलाही फार आवडतं. पण ५०० पैकी शेवटची १०० कार्डं मुद्दाम कमी छापतात. संच पुरा करायला बसलेलं मूल तिथे अडकतं. एखाद-दुसरा पॅक मात्र जरूर घ्यावा.

राजू_ह्यूस्टन
एक धोक्याची सूचना. दुकानांत 'मिस्टरी', 'इतकी कार्डं इतक्या डॉलरला' असे खोके असतात. कार्डाच्या कंपनीचे नव्हेत, कुणीतरी जुनी कार्डं पुन्हा भरून विकतं. मी भाच्यासाठी वाढदिवसाला एक आणला. नव्वद टक्के कार्डं १९८८ ते ९२ मधली, एकाही खेळाडूचं नाव त्याला माहीत नाही. पोराने 'थँक यू मामा' म्हटलं आणि खोका बाजूला ठेवला. मला आजही वाईट वाटतं.

जत्रेत किंवा कार्ड शोमध्ये उघड्यावर ठेवलेले सुटे पॅकही घेऊ नका. जर्सीच्या तुकड्याचं कार्ड जाड असतं, ते हाताला लागतं. लोक चाचपून चांगले पॅक आधीच काढून घेतात.

अमेय_सॅन_होजे
पण क्रोम इतकं टाकाऊ आहे का? पिचर पॉल स्कीन्सचं ते एकमेव कार्ड, सही आणि पदार्पणाच्या जर्सीवरच्या पट्टीचं, ११ वर्षांच्या मुलालाच मिळालं होतं. २०२४ च्या क्रोम अपडेटमधून. मार्च २०२५ मध्ये ११ लाख डॉलरच्या वर गेलं.

शिरीष_क्वीन्स
अमेय, खरं आहे. पण तसं कार्ड जगात एकच होतं. पॅकच्या मागे बारीक अक्षरात शक्यता छापलेली असते, इतक्या पॅकमागे एक. ती वाचा आणि मग ठरवा.

१९५२ च्या टॉप्समधलं यांकीजच्या जुन्या दिग्गज मिकी मँटलचं कार्ड २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं. ते एवढं महाग का? कारण त्या वर्षीचा न खपलेला माल कंपनीने पुढे १९६० च्या सुमारास समुद्रात नेऊन टाकला, आणि घरोघरच्या आयांनी उरलेला फेकला. जुनी कार्डं महाग झाल्याच्या बातम्या वाचून ऐंशीच्या दशकात लोकांनी पोती भरभरून कार्डं जपली, कंपन्यांनी त्याहून जास्त छापली. राजूच्या खोक्यात निघाली ती हीच.

जज हवाच असेल तर पॅकच्या भरवशावर राहू नका, सुटं कार्ड विकत घ्या. साधं कार्ड एक-दोन डॉलरला मिळतं. २०२३ च्या सिरीज १ मध्ये त्याच्या कार्डाचा क्रमांक ६२ आहे, आदल्या वर्षी त्याने ६२ होमरन मारले होते म्हणून. मुलाला आधी क्रमांक सांगा आणि कारण ओळखायला लावा.

मृदुला_पुणे
माझा भाऊ तिकडून माझ्या लेकीसाठी कार्डं आणतो. क्रोमची कार्डं आमच्या पावसाळ्यात धनुष्यासारखी वाकली, साधी तशीच सरळ आहेत. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका. रबरबँड कधीही लावू नका, कडा कापल्या जातात. आधी पातळ पारदर्शक पाऊच, मग नऊ कप्प्यांची पानं असलेली फाइल.

केतकी_एडिसन
सगळ्यांचे मनापासून आभार. काल सिरीज २ चा ब्लास्टर आणला (सिरीज १ संपली होती) आणि मृदुलाताई, फाइलही. भागाकार त्यानेच केला, हँगर स्वस्त निघाला, पण तो एकच उरला होता आणि त्याचा कोपरा दबलेला. जज निघाला नाही. सुटं ६२ नंबरचं मागवलंय, कारण त्याने लगेच ओळखलं.

रात्री कार्डं जमिनीवर क्रमांकाने मांडून बसले होते, बाबांसकट. पाच दुहेरी निघाली आहेत. एडिसन, इसलिन किंवा जवळपास कुणाच्या मुलांकडे सिरीज २ ची जास्तीची कार्डं आहेत का? रविवारी दुपारी आम्ही घरी आहोत.

राजू_ह्यूस्टन
माझी बहीण इसलिनलाच राहते. तो भाचा आता १२ वर्षांचा आहे आणि सिरीज २ चीच कार्डं जमवतोय. तुम्हाला निरोप पाठवतो.