मदत हवी आहे: थंडीआधी दुकानांच्या इमारतीची तयारी

नमस्कार मंडळी. शिकागोजवळ आमची चार गाळ्यांची बैठी इमारत आहे, सपाट छपराची. गेल्या जानेवारीत मागच्या गाळ्यात स्प्रिंकलरचा (आग लागली की छतातून आपोआप पाणी फवारणाऱ्या यंत्रणेचा) पाइप गोठून फुटला. भाडेकरू ताईंच्या तांदळाच्या गोण्या भिजल्या. त्यांचा चेहरा अजून डोळ्यांसमोरून जात नाही. यंदा तसं होऊ द्यायचं नाही.

पानगळ सुरू झालीय. छपरावरच्या निचऱ्याच्या जाळ्या मी स्वतः साफ केल्या, एकीतूनच बादलीभर कुजकी पानं निघाली. बाहेरचे नळ बंद करून पाइप रिकामे केले. हीटिंगची तपासणी पुढच्या आठवड्यात.

अडलंय ते मागच्या गाळ्यापाशी. तो आता रिकामा आहे. स्प्रिंकलरच्या पाइपाभोवती किमान ४० फॅरनहाइट, म्हणजे साधारण ४ सेल्सिअस, राहायला हवं. पण थर्मोस्टॅट खोलीतलं तापमान दाखवतो आणि पाइप आहे फॉल्स सीलिंगच्या वर, उत्तरेच्या भिंतीला चिकटून. मग थर्मोस्टॅट कितीवर ठेवू? सीलिंगच्या दोन-चार टाइल काढल्या तर ऊब वर पोचेल, पण आग लागली तर तिची उष्णताही त्या भोकातून वर निघून जाईल आणि स्प्रिंकलर उशिरा उघडेल अशी भीती वाटते. इन्सुलेशन पाइपाच्या खाली नको, वरच्या बाजूला हवं, हे बरोबर ना? कुणी हे काम करून घेतलंय का? कृपया सविस्तर सांगा.