मदत हवी आहे: अमोनिया चिलरचं स्किड केनियाला पाठवायचंय, उंची आडवी येतेय

नमस्कार मंडळी. भांडुपच्या आमच्या वर्कशॉपमध्ये केनियातल्या एका डेअरीसाठी अमोनिया चिलर (अमोनियावर चालणारं थंड करण्याचं यंत्र) तयार होतोय. कॉम्प्रेसर, कंडेन्सर, पाइपिंग, पॅनेल सगळं इथेच एका स्किडवर, म्हणजे पोलादी फ्रेमवर, जोडून, टेस्ट करून न्हावा शेव्यावरून मोम्बासाला जाईल. तिकडे फक्त पाणी, वीज आणि ग्लायकॉलच्या (थंडावा वाहून नेणारा द्रव) लाइन जोडायच्या.

हाय-क्यूब (जास्त उंचीच्या) कंटेनरचं दार साधारण २.५८ मीटर उंच. ऑइल सेपरेटर (अमोनियातून कॉम्प्रेसरचं तेल वेगळं करणारं भांडं) बसवला की आमचं स्किड २.७० होतं. फ्लॅट रॅक (छत आणि बाजूच्या भिंती नसलेला कंटेनर) घ्यावा तर भाडं जास्त, शिवाय ऐन पावसाळ्यात माल उघड्यावर. सेपरेटर सुटा पाठवावा तर साइटवर वेल्डिंग आणि पुन्हा प्रेशर टेस्ट आली. फ्लँजचे (बोल्टने आवळायच्या चकत्यांचे) जोड वाढवायला मन धजत नाही. अमोनियाची गळती म्हणजे माणसांच्या जिवाशी गाठ.

गेल्या वर्षीच्या एका ऑर्डरने धडकी भरवली आहे. इथे चोख बसलेले फ्लँज तिकडे जुळेनात, कारण क्रेनने उचलताना फ्रेम लवली होती. पाइप आतून गंजले होते. आमच्या फिटरदादांनी परमुलखात अकरा दिवस काढले, त्याचं फार वाईट वाटतं.

ज्यांनी असा माल पाठवलाय त्यांनी कृपया सांगा: सेपरेटर सुटा की फ्लॅट रॅक? आतून गंज लागू नये म्हणून पाइपमध्ये नायट्रोजन किती दाबाने भरता? आणि स्प्रेडर बीम (क्रेनच्या हुकाखाली लावायची आडवी तुळई) वापरूनही फ्रेम लवते का? ड्रॉइंग दाखवायला तयार आहे. पुढच्या आठवड्यात फ्रेमचं कटिंग सुरू होतंय.