रक्ती आव: आतडं नेमकं कशाने सुजतं?
रक्ती आव बहुतेकदा शिगेला या जिवाणूमुळे होते. नेहमी म्हटलं जातं की शिगेलाचं विष आतडं जाळतं, म्हणून रक्त पडतं. पण ते विष, म्हणजे शिगा विष, मुख्यतः शिगेलाच्या डिसेंटरी टाइप १ या प्रकारातच असतं. फ्लेक्सनेरी या दुसऱ्या प्रकारातही रक्त पडतंच. जास्त पडझड आपल्याच पांढऱ्या पेशी करतात.

१० ते १०० जंतू पुरतात, कारण ते जठरातल्या आम्लाला दाद देत नाहीत. मोठ्या आतड्याच्या अस्तरात वरून शिरणं त्यांना जमत नाही, म्हणून ते एम पेशींतून (अस्तरातल्या, आतड्यातले कण पलीकडे नेणाऱ्या खास पेशी) पलीकडे उतरतात. तिथे मॅक्रोफेज (जंतू गिळणारी पांढरी पेशी) त्यांना गिळतो आणि स्वतःच फुटतो. त्यातून इंटरल्यूकिन-१ बीटा हे सूज आणणारं रसायन बाहेर सांडतं. सुटलेले जंतू मग मागच्या बाजूने, सुईसारख्या यंत्रणेने प्रथिनं टोचून, अस्तराच्या पेशींत घुसतात. त्या पेशी इंटरल्यूकिन-८ हे दुसरं रसायन सोडून न्यूट्रोफिलना, म्हणजे आणखी एका जातीच्या पांढऱ्या पेशींना, बोलावतात. न्यूट्रोफिल पेशींमधले सांधे उसवत पुढे सरकतात आणि त्याच फटींतून आणखी जंतू आत येतात. शौचाला थोडंच, पण रक्त-शेंब मिसळलेलं आणि कळ देऊन होतं ते यामुळे.

रक्त दिसत असेल तर लोपेरामाइड (जुलाब थांबवायचं औषध) कृपा करून देऊ नका, आतड्याची हालचाल थंडावून जंतू आतच राहतात. कल्चरचा (जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीचा) शौचाचा नमुना अँटिबायोटिक सुरू करण्याआधी, रक्त-शेंबेचा भाग उचलून घ्या आणि शक्यतो २ तासांत लॅबमध्ये पोचवा. शिगेला शौचाच्या नमुन्यात फार टिकत नाही.