तारामासा आणि जेलीफिश: सारखेपणा कितपत खरा?

वरच्या चर्चेत असा प्रश्न आला आहे की तारामासा आणि जेलीफिश या दोघांतही अरीय सममिती (मध्यबिंदूभोवती सर्व बाजूंना सारखी रचना) असताना त्यांना शेजारी न ठेवता तारामाशाला पृष्ठवंशीयांच्या जवळ का नेले जाते. शंका रास्त आहे; एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ क्युव्हिए यांनीही या दोघांना एकाच गटात घातले होते.

माझ्या मते घोटाळा होतो तो केवळ प्रौढ प्राणी पाहिल्यामुळे. तारामाशाचा डिंभ, म्हणजे अंड्यातून निघालेले पिल्लू, द्विपार्श्व सममित असतो, म्हणजे त्याला डावी-उजवी बाजू असते, आणि पंचकोनी रचना त्याला पुढे रूपांतरणात मिळते. प्रौढाच्या वरच्या बाजूला दोन भुजांच्या बेचक्यात, मध्यापासून जरा सरकलेली, एक चाळणीसारखी छोटी चकती दिसते. ही जलसंवहनी संस्थेची (शरीरातील पाण्याने भरलेल्या नळ्यांच्या जाळ्याची) चकती बहुतेक तारामाशांत एकच असल्याने ती पाचपट सममितीही काटेकोर उरत नाही. ओहोटीच्या वेळी कोकणच्या किनाऱ्यावर तारामासा सापडला, तर ती अवश्य शोधावी.

जेलीफिशचे शरीर द्विस्तरी, म्हणजे भ्रूणातील पेशींच्या दोन थरांपासून बनलेले, असते आणि त्याच्या पचनपोकळीला तोंड हे एकच द्वार असते. तारामासा मात्र त्रिस्तरी, म्हणजे असे तीन थर असलेला, असून त्याला खरी देहगुहा (आतडे व शरीरभित्ती यांमधली पोकळी) असते. त्याहून महत्त्वाचे असे, की भ्रूणात प्रथम तयार होणाऱ्या छिद्राचे त्याच्यात गुदद्वार होते आणि तोंड नंतर बनते. हाच क्रम पृष्ठवंशीयांतही आढळतो, आणि जनुकीय अभ्यासातूनही हेच नाते दिसले आहे.