‘अलेक्झांड्रिया 1956 ला मेली’ म्हणे!

मिठाचा खडा: काल इथे कुणीतरी उमाळा काढलाय: ‘इजिप्तच्या अध्यक्ष नासरने ग्रीक, इटालियन, ज्यू घालवले आणि अलेक्झांड्रिया मेली. उरली ती नुसती गर्दी.’ अहो, ती गर्दी म्हणजेच तिथली माणसं! ज्या महमुदिया कालव्यामुळे 1820 नंतर बंदर पुन्हा उभं राहिलं, तो वेठीला धरलेल्या शेतकऱ्यांनी खणला, हजारो मेले. 11 जुलै 1882 ला इंग्रजांच्या आरमाराने शहरावर तोफा डागल्या. परदेशी माणसाचा खटला चालवायला निराळी न्यायालयं. हा तुमचा सुवर्णकाळ? तिथल्या कवी कवाफीच्या ग्रीक कवितांवर गळे काढता, मग कोम अल-दिक्का वस्तीतला सय्यद दरवेश कुठे गेला? गवंडीकाम करता करता गाणारा पोरगा. इजिप्तच्या आजच्या राष्ट्रगीताची चाल त्याची.

जुनी गॅलरी: उमाळा माझाच. नबी दानियाल रस्त्यावरचं ज्यूंचं प्रार्थनास्थळ 2020 ला डागडुजी करून उघडलं. सामूहिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, ते आणायचे कुठून? हेही इंग्रजांच्याच माथी मारणार का?

दर्यावर्दी: दोघेही पुस्तकी. आमचं जहाज तिथे अकरा दिवस अडकलं होतं. रोज संध्याकाळी कॉर्निशवर, म्हणजे समुद्रकाठच्या रस्त्यावर, पाव आणि गरम तामिया, वाटलेल्या कडधान्याचे तळलेले वडे. शहर जिवंत आहे, मी खाल्लंय! चव थेट आमच्या पेणच्या वालाच्या वड्यांची.

कडवा वाल: वाल?? तो बाकला हो, इंग्रजीत फावा बीन! वाल निराळा. कडधान्य म्हटलं की सगळं एकच, ही शहरी सवय.

दर्यावर्दी: माझी आजी पहाटे उठून बिरड्याचे वाल सोलायची, मला नका शिकवू. तिथेही भिजवून, सोलून, कच्चंच वाटतात. मग फरक काय राहिला?

कडवा वाल: तुमच्या बिरड्याला मोड असतात, हा फरक. आणि तामिया कैरोत म्हणतात. अलेक्झांड्रियात त्यालाच फलाफल. अकरा दिवसांत नाव कानावर पडलं नाही?

दर्यावर्दी: मी खात होतो, बारसं जेवायला गेलो नव्हतो.

मिठाचा खडा: इथे माणसं मेल्याचं चाललंय आणि तुम्ही मोड मोजा.

जुनी गॅलरी: तुम्ही तरी तारखा नीट मोजा. 56 ला इंग्रज, फ्रेंच आणि बरेच ज्यू बाहेर काढले. ग्रीकांची मोठी गळती 61 च्या राष्ट्रीयीकरणानंतरची. माझ्या वाक्यात ते गोळा झालं, चुकलं. दरवेश राहिला, तेही चुकलं. झालं समाधान?

मिठाचा खडा: अर्धं. ते दहा पुरुषांचं मात्र लागलं. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही, आणि तुम्ही ते असं खिजवत विचारलं नसतं तर आधीच कबूल केलं असतं.

कडवा वाल: मेळ झाला असेल तर कुणीतरी दर्यावर्दींना बाकल्याचा फोटो दाखवा.

दर्यावर्दी: पाठवा. आजीच्या सुपात ठेवून बघतो.