सात स्क्रिप्ट घेतल्या, पैसे बुडवले आणि ब्लॉक केलं. आता काय करू? (ऐरोली)

खाडीपलीकडची

नमस्कार मंडळी, थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

मी ऐरोलीला राहते, दोन वर्षं घरूनच मराठी कंटेंट लिहिते, एका मोठ्या फ्रीलान्सिंग प्लॅटफॉर्मवर प्रोफाइल आहे. ऑगस्टमध्ये एका यूट्यूब चॅनलचं काम मिळालं, किल्ल्यांवर १२ स्क्रिप्ट, एकीचे २,५०० ठरले. पहिल्या दोनचा माइलस्टोन, म्हणजे कामाचा टप्पा नि त्याचे पैसे, त्याने नीट फंड केला, कमिशन कापून पैसे आले पण, म्हटलं चला माणूस बरा दिसतोय. मग म्हणाला मॅडम इथे मेसेज उशिरा दिसतात, व्हॉट्सॲपवर या, बाकीच्या दहाचा एकच मोठा माइलस्टोन टाकतो, तुम्ही लिहायला घ्या, नवरात्रात चॅनल लाँच करायचाय. आणि मी घेतलं लिहायला. गणपतीत घरी पाहुणे, दिवसभर मोदक नि भांडी, रात्री सगळे झोपले की लॅपटॉप. सात स्क्रिप्ट गूगल डॉकवर दिल्या, वर एडिटची परमिशन पण देऊन बसले.

सातवी दिली त्याच्या दुसऱ्याच दिवशी मेसेज, टोन जमत नाहीये, एआयने लिहिल्यासारखं वाटतंय, टीम खूश नाही. मी पैशांचं विचारलं तर म्हणे जास्त ताणलंत तर प्रोफाइलवर एक स्टार देईन. मग ब्लॉक.

आता खरी गंमत ऐका. परवा त्याच चॅनलवर लोहगडाचा व्हिडिओ आला. मी झोपेत विंचूकाट्याचं, म्हणजे गडाच्या त्या लांब निमुळत्या माचीचं, "विंचूकडा" टाइप केलं होतं एके ठिकाणी, आणि व्हॉइसओव्हरवाला भारदस्त आवाजात "विंचूकडा" म्हणतोय! हसू की रडू कळेना. शिवनेरीच्या व्हिडिओत तर अंबरखान्याच्या, म्हणजे धान्यकोठाराच्या, भिंतीला हात लावला की भर मे महिन्यात गार लागतं हे वाक्य आहे, ते माझ्या लहानपणचं आहे हो, आजोळ जुन्नरचं माझं.

१७,५०० रुपये अडकलेत, लेकीच्या फीचा हप्ता त्यातून जाणार होता. त्याच्या प्रोफाइलवर लोकेशन दुबई आहे पण पहिलं बिल गुरुग्रामच्या पत्त्यावर जीएसटी नंबर टाकून मागितलं होतं. पोलिसात जाऊ का? प्लॅटफॉर्मला सांगायची भीती वाटते, व्हॉट्सॲपवर गेले म्हणून माझंच अकाउंट उडवतील.

तलावपाळी

ताई राग मानू नका, पण माइलस्टोन फंड व्हायच्या आधी लिहायला बसलात तिथेच गाडी घसरली. माइलस्टोन नुसता बनवलेला असणं वेगळं आणि त्यात पैसे भरलेले असणं वेगळं. भरले की ते एस्क्रोत जातात, म्हणजे त्याच्या खिशातून निघाले पण तुमच्या खिशात अजून आले नाहीत, आणि भांडण झालं तर भांडायला काहीतरी असतं. तुमच्या केसमध्ये तिथे शून्य आहे, प्लॅटफॉर्म काय गोठवणार?

हे बाकीच्यांसाठी पण सांगतो. अपवर्क या फ्रीलान्सिंग साइटवर ठरलेल्या रकमेच्या (फिक्स्ड) कामात तुम्ही काम सबमिट केलं आणि क्लायंट १४ दिवस काहीच बोलला नाही तर पैसे आपोआप सुटतात, पण त्यासाठी माइलस्टोनवरचं सबमिटचं बटण दाबावं लागतं! माझ्या ओळखीतले निम्मे लोक फाइल चॅटमध्ये टाकून देवाची वाट बघत बसतात, ते १४ दिवसांचं घड्याळ सुरूच होत नाही. तासावरचं काम असेल तर त्यांचा ट्रॅकर चालू ठेवायचा, तो स्क्रीनचे फोटो काढतो ते आवडत नाही कबूल, पण हाताने टाकलेल्या तासांना संरक्षण नाही. फाइव्हर या दुसऱ्या साइटवर पैसे ऑर्डरच्या वेळीच भरले जातात, डिलिव्हरीनंतर ३ दिवस समोरचा गप्प राहिला तर ऑर्डर पूर्ण धरतात, हातात यायला साधारण अजून १४ दिवस आणि २० टक्के त्यांचे. तरी तिथेही कार्डने पैसे भरलेल्या क्लायंटने बँकेत तक्रार करून पैसे ओढून घेतल्याचे प्रकार होतात, म्हणजे शंभर टक्के सेफ असं काही नाही.

अकाउंटचं म्हणाल तर बाहेर पैसे घेतले नाहीत ना तुम्ही? मग घाबरू नका, स्क्रीनशॉटसकट कळवा. पैसे मागितले तर वाईट रिव्ह्यू देईन ही धमकीसुद्धा त्यांच्या नियमात बसत नाही.

घणसोली_स्लो_लोकल

सोडून दे. मनापासून सांगतोय. १७ हजारासाठी चार महिने डोक्याला शॉट, तेवढ्यात नवीन काम करून ४० कमावशील.

माझं ऐक. मला एकदा ईबुकचा दुसरा चॅप्टर "टेस्ट" म्हणून दिला होता, जमलं तर पुढचं काम तुझंच. दिला करून, रिजेक्ट. पुढे कोपरखैरण्यात मित्राकडे चहाला बसलो असताना त्याने पण रडगाणं सुरू केलं की मला चौथा चॅप्टर टेस्टला दिला होता, रिजेक्ट केला. दोघं एकमेकांकडे बघतच बसलो. अख्खं पुस्तक टेस्ट टेस्ट म्हणून फुकटात करून घेतलं भावाने! तेव्हापासून माझी टेस्ट २०० शब्दांची, वर फुकट पाहिजे तर जुनं काम बघ.

आणि ते घरबसल्या डेटा एंट्रीवाले तर वेगळेच. कळव्याच्या मावसभावाने घेतलं होतं, ९० टक्के अचूक पाहिजे म्हणे, मग चुका दाखवून वकिलाच्या नावाने नोटीस की करार मोडलास, इतके भर नाहीतर कोर्टात खेचू. पोरगा घाबरून भरणार होता. असल्यांना एक रुपया द्यायचा नाही आणि आधीच दिला असेल तर लगेच १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन.

वागळे_सर्कल

मी दुसऱ्या बाजूचा आहे, वागळे इस्टेटला छोटा स्टुडिओ आहे, फ्रीलान्सर लोकांना काम देतो. खरं सांगायचं तर आम्हालाही टोप्या घालणारे भेटतात, ॲडव्हान्स घेऊन गावाला गेलेले तीन जण अजून गावालाच आहेत. पण तुमच्या माणसाने जे केलंय ते सरळ सरळ ठरवून केलंय. पहिला छोटा माइलस्टोन वेळेवर देणं हा त्याचा खर्च होता, बाकीचं काम फुकट घ्यायचा. आणि "एआय वाटतंय" हे नवीन हत्यार आलंय पैसे न द्यायचं. पूर्वी "क्वालिटी" म्हणायचे. गूगल डॉकमध्ये व्हर्जन हिस्टरी असते, रात्री किती वाजता कुठलं वाक्य लिहून खोडलंत ते सगळं दिसतं, ते डॉक डिलीट करू नका आणि त्याची परमिशन आत्ताच्या आत्ता काढा.

दुसरं म्हणजे जीएसटी नंबर दिलाय ना त्याने, मग तो दुबईचा नाही हो. जीएसटीच्या साइटवर तो नंबर टाका, लॉगिन लागत नाही, फर्मचं कायदेशीर नाव आणि नोंदणी चालू आहे की रद्द ते कळतं. पहिले दोन आकडे राज्याचे असतात, आपलं २७, हरियाणाचं ०६, आणि त्यापुढची दहा अक्षरं म्हणजे त्याचा पॅन. मेल त्या चॅटवाल्याला करू नका, त्या नावाच्या फर्मच्या अकाउंट्सवाल्यांना करा. आमच्याकडे पण पैशांबद्दल मेल आला की अकाउंट्सवाली बाई माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहते, व्हॉट्सॲपला कोण विचारतो.

कोर्टनाका

मी ठाण्यात वकिली करतो, जनरल बोलतोय, कागद बघितलेले नाहीत.

पोलिसात गेलात तर बहुतेक दिवाणी मामला म्हणून परत पाठवतील. सुरुवातीपासूनच फसवायचा हेतू होता हे दाखवायला लागतं, आणि त्याने पहिले पैसे दिलेत, तो तेच पुढे करणार. पैसे वसुलीच्या दाव्याला साधारण ३ वर्षांची मुदत असते, त्यामुळे उद्याच धावायला पाहिजे असंही नाही. वकिलाचा खर्च नको असेल तर बाईमाणसाला विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, त्यात उत्पन्नाची अट नाही. हे कितीतरी शिकलेल्या बायकांना माहीतच नसतं.

तुमचा हुकमी पत्ता वेगळा आहे. स्क्रिप्ट म्हणजे कॉपीराइट कायद्यात साहित्यकृती, आणि तुम्ही त्याच्याकडे नोकरीला नव्हता, त्यामुळे लेखी लिहून दिलं नसेल तर १९५७ च्या कायद्याप्रमाणे हक्क तुमचाच. प्लॅटफॉर्मच्या अटी वाचा, साधारण पूर्ण पैसे मिळाल्यावर हक्क क्लायंटकडे जातो असंच असतं. पैसे नाहीत तर हक्क नाही. यूट्यूबला कॉपीराइटची तक्रार करताना लगेच काढा किंवा ७ दिवसांची मुदत द्या असे दोन पर्याय येतात, दुसरा घ्या. ९० दिवसांत तीन स्ट्राइक पडले तर चॅनल जाऊ शकतं, हे त्याला तुमच्यापेक्षा चांगलं माहीत असणार. तक्रारीत तुमचं खरं नाव आणि ईमेल समोरच्याला जाऊ शकतं, तेव्हा कामाचा वेगळा मेल वापरा. आणि फक्त ज्या व्हिडिओत तुमचा मजकूर आहे त्याच्यावरच करा, चिडून सगळ्या चॅनलवर करू नका, खोटी तक्रार अंगाशी येते. तो "विंचूकडा" मात्र जपून ठेवा, व्हिडिओ डाउनलोड करून ठेवा, तारखेसकट. असला पुरावा मला अशिलांकडून पैसे देऊन मिळत नाही.

घणसोलीवाल्या भाऊंचं "सोडून दे" पटत नाही, पण परदेशी क्लायंट असता तर मी पण तेच म्हटलं असतं.

पुढच्यासाठी उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योगांची सरकारी नोंदणी, करा, फुकट आहे, आधार आणि पॅनवर होते, साइटवर पैसे मागितले तर ती साइट खोटी समजा. मग भारतातला खरेदीदार २००६ च्या एमएसएमई, म्हणजे लघुउद्योगांच्या, कायद्यात सापडतो. लेखी करार असला तरी ४५ दिवसांपुढे पैसे थांबवता येत नाहीत, नसेल तर १५ दिवस. नंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने व्याज, दरमहा चक्रवाढ. एमएसएमईच्या सरकारी पोर्टलवर तक्रार टाकता येते, निकाल खरेदीदाराच्या विरोधात गेला तर त्याला आव्हान द्यायला आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. वेळ लागतो, खोटं सांगत नाही. पण काम घ्यायच्या आधी नोंदणी हवी, आता काढून या १७,५०० ला लावायला गेलात तर समोरचा तोच मुद्दा काढेल.

खाडीपलीकडची

अपडेट द्यायला आले. सगळ्यांचे आभार, वागळेवाल्या दादांचे जास्त. जीएसटी नंबर टाकला तर फर्मचं नाव वेगळंच निघालं, चॅनलशी काही संबंध नाही असं वाटावं असं. त्यांच्या साइटवरच्या अकाउंट्सच्या मेलवर बिल, डॉकची हिस्टरी, आणि दोन्ही व्हिडिओंत कुठल्या मिनिटाला माझं कुठलं वाक्य येतं तो तक्ता करून पाठवला. खाली एकच ओळ, पैसे आले नाहीत तर सोमवारी यूट्यूबला तक्रार करते, सात दिवसांच्या मुदतीची.

शनिवारी रात्री साडेअकराला त्याच माणसाचा फोन, मॅडम गैरसमज झाला. ज्याने मला ब्लॉक केलं होतं तो! दहा हजार देतो, मिटवून टाकू म्हणाला. नवरा म्हणाला घे. मी नाही म्हटलं, चार स्क्रिप्टचे दहा आणि तीन स्क्रिप्ट वापरायच्या नाहीत असं मेलवर लिहून दे, नाहीतर पूर्ण १७,५००, आणि जे काय ते प्लॅटफॉर्मवर माइलस्टोन टाकूनच. काल संध्याकाळी दहा हजार फंड झालेले दिसले, तेव्हाच मी त्या चार परत सबमिट केल्या, बटण दाबून हो तलावपाळी दादा. लोहगडचा व्हिडिओ त्याने प्रायव्हेट केलाय, बहुतेक त्या तिघींत ती धरली.

उद्यमचा फॉर्म भरतेय आता, त्यात एनआयसी कोड, म्हणजे धंद्याच्या प्रकाराचा आकडा, विचारतायत, स्क्रिप्ट लिहिणाऱ्याने काय टाकायचं?

कोर्टनाका

लेखक-कलावंतांचा ९० पासून सुरू होतो, त्यातला लेखनाचा बघा. एकापेक्षा जास्त टाकता येतात, व्हॉइसओव्हर वगैरे करत असाल तर तोही जोडा. आणि फॉर्ममध्ये नाव आधारवर आहे तसंच टाका, माहेरचं-सासरचं झालं की तिथेच अडकतं.